दशावतार आणि डबलबारीच्या फायलींची एक्सेल यादी, गाडी कुठवर आली

तर मंडळी, सगळी फोल्डरं एका डिस्कवर आली आणि यादी निघाली एकदाची. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडीकडच्या जत्रांचे दशावतार (रात्रभर चालणारी लोकनाटकं), गणपतीतल्या डबलबाऱ्या (दोन बुवांचे भजनाचे सामने), कोणाकोणाच्या मोबाईलमधून आलेलं, सगळं रेकॉर्डिंग एका मुख्य फोल्डरखाली. आमचा पखवाजवाला मित्र बघून म्हणाला, "अरे ह्या सगळा वहीत लिवलं असतंस तर कधीच झाला असता." बरोबर आहे त्याचं, पण वही सॉर्ट होत नाही ना.

आधी जुनी पद्धत करून बघितली. फोल्डरच्या ॲड्रेस बारमध्ये सीएमडी टाकायचं, काळी खिडकी उघडली की डीआयआर, स्लॅश बी, स्लॅश एस आणि पुढे ग्रेटर दॅन देऊन टेक्स्ट फाईलचं नाव. इंग्रजी नावं झकास येतात, मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. त्यावर उपाय आहे, आधी सीएचसीपी ६५००१ मारायचं म्हणजे यादी यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी अक्षरं टिकतील अशा पद्धतीत पडते, पण मग ती एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडायची नाही, डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट करून ६५००१ निवडायचं, नाहीतर परत कचरा दिसतो. एकदाच करायचं असेल तर चालेल, पण दर जत्रेनंतर हे कोण करत बसणार.

म्हणून पॉवर क्वेरी, म्हणजे बाहेरची माहिती एक्सेलमध्ये ओढून लावून देणारी सोय. एक्सेल २०१६ पासून आतच असते. डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाईल, फ्रॉम फोल्डर, की आतल्या सगळ्या सबफोल्डरांसकट नाव, एक्स्टेंशन, तारखा, फोल्डर पाथ असे कॉलम समोर. कंटेंट कॉलम उडवा, ॲट्रिब्युट्सच्या टोकावरचं चिन्ह दाबून साईज तेवढी बाहेर काढा. नवीन फाईल टाकली की नुसतं रिफ्रेश.

फाईल किती वेळाची आहे ते मात्र इथे मिळत नाही. वेव्ह असेल तर साईजवरून निघतं, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाईट, तेवढ्याने भागा की सेकंद आले. माझा रेकॉर्डर २ जीबीला फाईल तोडतो, म्हणजे साधारण ३ तास २० मिनिटं, त्यामुळे रात्रभराचं नाटक कमीत कमी दोन तुकड्यांत, आणि तुटतं ते नेमकं युद्धाच्या ऐन रंगात!

आता खरी मजा तारखेची. विंडोजमध्ये कॉपी केली की डेट क्रिएटेड नवीन होते, डेट मॉडिफाईड तीच राहते, म्हणून मॉडिफाईडच धरा. पण ती रेकॉर्डिंग बंद केल्याची वेळ असते आणि आपली जत्रा उजाडेपर्यंत चालते, त्यामुळे आडदशावताराची (नाटकाच्या सुरुवातीच्या भागाची) फाईल ५ तारखेची आणि त्याच रात्रीचं आख्यान (मुख्य कथा) ६ तारखेचं, एकच जत्रा यादीत दोन ठिकाणी. यावर साधा इलाज, एक्सेलमध्ये एक दिवस म्हणजे १, तर तारखेतून ०.५ वजा करून इंट (अपूर्णांक काढून टाकणारं सूत्र) लावायचं, अख्खी रात्र एका तारखेखाली येते. सप्ताहातली सकाळची भजनं मात्र याने आदल्या दिवशी जातात, ती हाताने. आणि ज्यांच्या रेकॉर्डरचं घड्याळ लावलेलंच नव्हतं त्यांच्या फायली १९८० सालच्या दिसतात, त्यांचं काय करायचं ते देवालाच ठाऊक. व्हॉट्सॲपवरून आलेल्यांच्या नावातली तारीख जत्रेची नाही, फाईल पाठवल्या-आल्याची असते हेही लक्षात असूद्या.

दुसरी डोकेदुखी स्पेलिंगची. ग्रुप बाय केलं तर 'बाऱ्या'चे दोन गट पडले, दिसायला डिट्टो सेम. लेन (अक्षरं मोजणारं सूत्र) लावून बघितलं तर एकीकडे ६, दुसरीकडे ७. एका कीबोर्डने ऱ हे वेगळं अक्षर दिलेलं, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडणारा, ज्याचा नंबर ८२०५. पॉवर क्वेरीत रिप्लेस व्हॅल्यूज करून सगळे एका जातीचे केले. रिप्लेसच्या खिडकीत ते अदृश्य अक्षर टाईप करायला जाऊ नका, सेलमधूनच कॉपी मारा.

बाकी आहे ते प्रकाराचं काम, म्हणजे भजनातले रुपावली, अभंग, गौळण, गजर असा कॉलम, तो ऐकूनच भरावा लागणार. तिथीचा कॉलम पण हवाय कारण जत्रा तिथीवर, इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. सध्या कॅलेंडर पुढ्यात घेऊन एकेक भरतोय, जुन्या वर्षांच्या तिथ्या कोणी शीटमध्ये घालून ठेवल्या असतील तर पाठवा, मी माझी क्वेरी देतो, फोल्डरचा पाथ तेवढा बदलून घ्या.