तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरीचं मोअर पुरतं का?

एप्रिल लागला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून एकच प्रश्न येतो: "पाव एकराला बॅटरीचं सेल्फ-प्रोपेल्ड पुरतं का हो?" म्हणजे लॉनचं गवत कापणारं, चाकं स्वतः फिरवत पुढे जाणारं मोअर. पूर्वी मी "पुरतं की" म्हणून मोकळा व्हायचो. उत्तर खोटं नव्हतं, अर्धवट होतं.

आधी हिशोब. पाव एकर म्हणजे 10,890 चौरस फूट. घर, ड्राइव्हवे, पॅटिओ वजा केले की कापायला उरतं साधारण सहा-सात हजार. 21 इंची डेक (पात्यावरचं झाकण, म्हणजेच कापायची रुंदी), प्रत्येक फेरी आधीच्या पट्ट्यावर तीन इंच चढवायची, वेग ताशी अडीच मैल: वळणं धरून अर्धा-पाऊण तास. बॅटरीवर 56 व्होल्ट छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात सरासरी 50.4 मिळतात. 7.5 अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर हाताशी आले 378 वॅट-तास. मोटरने सरासरी 500 वॅट ओढले तर 45 मिनिटं चालेल, 1,000 ओढले तर जेमतेम 23. म्हणजे बॅटरी पुरते की नाही, ते मशीनपेक्षा गवतच ठरवतं. दर आठवड्याला कापलंत तर पुरतं.

नाही कापलंत तर? तक्रारी इथूनच येतात, आणि बहुतेक जुलैत. जूनअखेर शाळा सुटतात, भारताची तिकिटं काढलेली असतात, तीन आठवडे पुणे-नाशिक होतं. मधे पाऊस झाला असेल तर परत येईपर्यंत गवत आठ-नऊ इंच. अनेक टाउनशिपांत (इथल्या स्थानिक पालिकांत) गवताच्या उंचीला मर्यादा आहे, म्हणून घाई. त्यात जेटलॅगमुळे पहाटे चारला जाग येते आणि सातला मोअर बाहेर निघतं. दव वाळलेलं नसतं. डेक नेहमीच्या 3 इंचांवर, मल्चिंगचं बूच (गवत बाहेर पडायचं तोंड बंद करणारं) जागेवर.

मग काय होतं? मल्चिंगमध्ये कापलेलं गवत डेकखाली घुमत राहून बारीक व्हायचं असतं. ओलं आणि लांब गवत घुमत नाही, डेकच्या आतल्या बाजूला थापलं जातं. हवा खेळायला जागा उरत नाही, पात्याला गवताचे गोळे अडकतात. लोड वाढला की मोटर पात्याचा वेग टिकवायला जास्त करंट ओढते, आणि दहा-पंधरा मिनिटांत एकतर बॅटरी संपते किंवा तापल्यामुळे मशीन स्वतःच बंद पडतं. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावली की चार्जर ती निवेपर्यंत चार्जिंग सुरू करत नाही. मग फोन येतो: "चार्जरही गेला." गेलेला नसतो. अर्धा तास सावलीत ठेवा.

अशा दिवशी दहा-अकरापर्यंत थांबा, गवतावरून हात फिरवून कोरडं आहे ना पाहा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, म्हणजे नवावरून सहावर यायचं. पण बहुतेक डेक 4 इंचांवरच संपतात. म्हणून आधी स्ट्रिंग ट्रिमरने (दोरी फिरवून गवत कापणारं हातातलं यंत्र) शेंडे उडवा, पडलेलं गवत रेकने ओढून घ्या. दोन-तीन दिवसांनी मोअर: डेक सर्वांत वर, मल्चिंगचं बूच काढून साइड डिस्चार्ज (गवत बाजूने बाहेर फेकायचं), पट्टा अर्ध्या रुंदीचा, चालीचा वेग सर्वांत कमी. बऱ्याच मॉडेल्सना चाकांची मोटर वेगळी असते, त्यामुळे चाल मंदावली तरी पात्याचा वेग उतरत नाही. इथे त्याचा उपयोग होतो. चार दिवसांनी साडेतीन इंचांवर आणा आणि उन्हाळाभर तिथेच ठेवा. इथल्या ब्लूग्रास-फेस्क्यू जातींच्या गवताला जुलैच्या उन्हात त्याहून खाली नेलंत तर पिवळं पडतं, आणि मोकळ्या जागेत क्रॅबग्रास हे तण शिरतं.

"दुसरी बॅटरी घेऊन ठेवा," असंही मीच सांगायचो. ते आता छातीठोकपणे सांगवत नाही. सुटी बॅटरी कधीकधी मशीनच्या निम्म्या किमतीहून महाग पडते आणि मोटर तापण्यावर ती उपाय नाही. तरी पहिली निवत असताना दुसरीवर काम चालतं, हेही खरंच.

"मागे ओढताना चाकं अडतात" ही तक्रार येते, पण तो बिघाड नव्हे. ड्राइव्ह सोडा, मशीन एक-दोन इंच पुढे ढकला, मग मागे ओढा, चाकातल्या गिअरचे दात सुटतात. तरीही अडलं तर चाकाच्या आतल्या बाजूला गवत भरलंय.

शेंडे पांढुरके, फाटल्यासारखे दिसले तर पातं बोथट आहे. 20-25 तासांनी धार लावा आणि मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून तोल बघा. एक बाजू झुकली तर तिचाच धातू घासा. त्याआधी बॅटरी आणि किल्ली दोन्ही काढा. पेट्रोलवाले स्पार्क प्लगची वायर काढतात, तसंच हे.

हिवाळ्यात बॅटरी अर्धी भरून बेसमेंटमध्ये ठेवा. गराजमध्ये शून्य अंश सेल्सियसखाली गेलेली बॅटरी तशीच चार्ज केली तर सेल कायमचे खराब होऊ शकतात.

मग पेट्रोलचंच घ्यायचं का? नऊ इंच गवतात ते दमदार चालतं, हे मी नाकारत नाही. पण इथेनॉलमिश्रित पेट्रोल हिवाळाभर टाकीत राहिलं की वसंतात कार्ब्युरेटर चोंदतो, आणि तेव्हाही फोन मलाच येतो. दरवर्षी तीन आठवडे भारतात जाणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी कापा आणि दहाव्या दिवशी एकदा कापायला शेजारच्या मुलाला सांगा. बॅटरी बेसमेंटमध्ये आहे आणि किल्ली कुठे टांगलीय, तेवढं त्याला दाखवून जा.