एकाच शाईतली वही

साखरेच्या पेशंटची, घरी तपासलेली साखर लिहायची खरी वही मळलेली असते. पानावर आमटीचा डाग, बोट टोचल्यावर उमटलेला रक्ताचा ठिपका, कधी निळं पेन, कधी नातवंडाची पेन्सिल. पेडण्याकडच्या या काकींची वही चवथीपासून चार महिने मी पाहत होते. ११८, १२४, १२१. सगळे आकडे एकाच काळ्या शाईत. खाली माझी लाल खूण आणि ‘छान!’

एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. ती आली १०.८, म्हणजे खूपच जास्त. डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले, “नेवऱ्या खाता आणि खोटं लिहिता!” असं ओरडणं मला कधीच पटलेलं नाही.

स्ट्रिप्स कुठल्या लागतात ते दाखवायला काकींनी त्या दिवशी साखर मोजायचं मशीन आणलं होतं. मी मेमरी उघडली. २८६, ३०२, २६४. वेळा पहाटेच्या दोन, तीन, साडेतीन.

“काकी, या वेळेला जाग्या असता?”

त्यांनी पदर तोंडाला लावला. हरतालिकेच्या उपवासाला त्यांनी नेहमीएवढंच इन्सुलिन घेतलं होतं. रात्री घामाने भिजून उठल्या, हात इतके थरथरत होते की साखरेचा डबा उघडेना. मुलगा बोटीवर, सून रात्रपाळीला. शेजारी झोपलेली चार वर्षांची नात उठून रडायला लागली. तेव्हापासून रात्रीच्या १८ युनिटांऐवजी त्या ८ घेत होत्या, आणि तरीही साखर उतरली नाही ना, हे उठून उठून बघत होत्या. “माका भंय दिसता गे बाय.”

मग वहीत तसं का लिहिलं?

“तू लाल खूण करायचीस ना. बरं वाटायचं.”

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. आमच्या केसपेपरवर डोळे, पाय, मूत्रपिंड यांना रकाने आहेत. झोप लागते का, सुईची धास्ती वाटते का, याला नाही. गढूळ इन्सुलिनची बाटली तळव्यांत घोळवायची, जोरात हलवायची नाही. चाळीसच्या, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिटांच्या, बाटलीला लाल टोपीचीच सिरिंज. टोचायची जागा रोज बदलायची, नाहीतर गाठ होते. हे मी प्रत्येकाकडून करवून घेते, चुकलं तर पुन्हा. भीतीबद्दल मात्र काकींना एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी रात्रीचा डोस बदलून दिला, उपवासाला काय करायचं तेही लिहून दिलं. उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवायला सांगून मी सुनेला बोलावून घेतलं.

तेव्हापासून मी प्रत्येक वहीची शाई पाहते आहे. एकाच शाईतल्या आणखी चार निघाल्या. चारही वह्यांवर माझी लाल खूण आहे.