ब्रेक धरून बसतायत: मास्टर सिलिंडर बदलल्यानंतरचा लॉग

गाडी जुनी. पुढे डिस्क, मागे ड्रम, मध्ये व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा). झालेलं काम: नवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणारा भाग, पुढे नुसता ‘मास्टर’), पुढचे पॅड, मागचे लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या), सगळीकडून हवा काढून डॉट ४ ब्रेक ऑइल. तक्रार: निघताना गाडी छान पळते, चार-पाच किलोमीटरनंतर पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी ओढल्यासारखी चालते. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा मोकळी.

नोंद १: गार होण्याआधी

थंड गाडीवर तपासणी करून काही हाती लागत नाही. ब्रेक जाम असतानाच जॅक आणि स्टँड लावून चारही चाकं हाताने फिरवली. चारही जड, म्हणजे एखाद्या कॅलिपरचा (चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणारा भाग) दोष नाही. चारही चाकांना सामाईक असं फक्त वरच आहे: पेडल, बूस्टर, मास्टर.

मास्टरला बूस्टरशी जोडणारे दोन नट सैल करून मास्टर दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढला. खटकन मागची चाकं सुटली. निदान इथेच झालं: पुशरॉड (बूस्टरमधून येऊन मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा) लांब आहे.

कारण असं. पेडल सोडल्यावर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे आला तरच ऑइल टाकीत परतायचं बारीक भोक उघडतं. पुशरॉड पिस्टनला किंचित जरी दाबून राहिला तर भोक झाकलेलंच राहतं. ऑइल तापतं, फुगतं, परतायला वाट नसल्यामुळे पॅड दाबतं. त्याने आणखी तापतं. म्हणून थंड असताना सगळं ठीक वाटतं.

खात्रीसाठी टाकीचं झाकण काढा, चष्मा घाला आणि दुसऱ्याला पेडल अगदी हलकेच दाबायला सांगा. पहिल्या काही मिलिमीटरमध्ये तळाच्या भोकातून ऑइलची छोटी उकळी वर यायला हवी. इथे पृष्ठभाग हललाही नाही. मात्र पुशरॉडला हात लावण्याआधी ब्रेक लाइटचा स्विच बघून घ्या. तो जास्त आत बसवला असेल तर पेडलच पूर्ण वर येत नाही, आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात.

नोंद २: मोजमाप

व्हर्नियरच्या खोली मोजायच्या पट्टीने दोन मापं घेतली. बूस्टरच्या तोंडापासून पुशरॉड बाहेर आलेला २२.९ मिमी, मास्टरच्या बसणाऱ्या तोंडापासून पिस्टनचा खळगा २२.४ मिमी खोल. म्हणजे अर्धा मिमी दाब कायमचा. मध्ये गॅस्केट असेल तर त्याची जाडीही हिशोबात धरायची. बदली मास्टरचा खळगा जुन्याइतकाच खोल असेल असं गृहीत धरू नये, आणि जुना भंगारात टाकायच्या आधी मोजून ठेवावा.

हवी होती ०.५ मिमीची फट, म्हणजे रॉड एकूण १ मिमी आखूड करायचा. इथल्या आट्याचा पिच (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) १ मिमी, त्यामुळे बरोबर एक फेरा आत आणि लॉकनट घट्ट. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये फटीचा आकडा असेल तर तोच पाळा. काही ठिकाणी हे माप बूस्टरमध्ये व्हॅक्यूम असताना घ्यायला सांगतात. रॉड उगाच जास्त आखूड केला तर पेडल खोल जायला लागतं.

उकळी दिसली. चारपैकी दोन चाकं मोकळी झाली, पुढची दोन्ही अजून जड.

नोंद ३: पुढची दोन, दोन वेगळी कारणं

डावं: ब्रेक दाबून सोडला. आधी होजच्या (कॅलिपरकडे जाणारी रबरी नळी) *वरच्या* टोकाचा पाइप नट सैल केला, चाक जामच. मग कॅलिपरचं निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडलं, ऑइलची चिळकांडी आली आणि चाक सुटलं. दाब या दोन सांध्यांच्या मध्ये अडकलाय, म्हणजे होज. हा क्रम उलटा केलात तर दाब निघून जातो आणि पुरावाही. बाहेरून होज चकचकीत दिसत होता, पण आतलं अस्तर सुटून एकेरी झडपेसारखं वागत होतं: पायाच्या जोराने ऑइल जातं, परत येत नाही. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवणं किंवा होज पकडीने चिमटणं, ही त्याची नेहमीची कारणं. दोन्ही बाजूंचे होज बदलले, तांब्याचे वॉशर नवे, आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पीळ किंवा घासणं नाही हे पाहिलं.

उजवं: निपल उघडूनही जाम, म्हणजे दोष यांत्रिक. पॅडचे कान ब्रॅकेटमध्ये ठोकून बसवलेले. स्टीलच्या क्लिपखाली गंज फुगला की जागा कमी होते. क्लिप काढून खालचा गंज तासला की पॅड बोटाने सरकतो. कानांना पॉलिश पेपर मारत बसणं हा चुकीचा उपाय. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस लावलं तर रबरं फुगतात.

मागे फक्त एक गोष्ट: हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करून मगच लायनर ॲडजस्ट केले.

नोंद ४: चाचणी

१५ किमी, शेवटचा टप्पा ब्रेक न दाबता. इन्फ्रारेड थर्मामीटरवर पुढच्या डिस्क ५८ आणि ६१ अंश. डाव्या-उजव्यात इतकाच फरक असेल तर चालतं. पेडल आता कडक होत नाही, दाबल्यावर टाकीत उकळी येते.

टाकीच्या झाकणाचं रबर सरळ आहे. ते लाटांसारखं फुगलेलं असतं तर वरचं सगळं वाया गेलं असतं: कुणीतरी इंजिन ऑइल किंवा तत्सम काही ओतलंय असा त्याचा अर्थ, आणि मग प्रत्येक रबर बदलावं लागतं. शंका असेल तर थोडं ऑइल पाण्याच्या ग्लासात टाका. डॉट ३ आणि डॉट ४ पाण्यात मिसळतात, खनिज तेल वर तरंगतं.

बाकी काम: मागच्या उजव्या चाकातल्या ब्रेक सिलिंडरचं बूट (रबरी टोपी) ओलसर दिसतंय, ड्रम पुन्हा काढायचा आहे.