कागदावरचे दीड मिलिमीटर : मेटल डिटेक्टर घेतानाचा माझा अनुभव

२२ मे २०२४ रोजी नव्या मेटल डिटेक्टरबद्दल, म्हणजे मालातील धातूचे कण शोधणाऱ्या यंत्राबद्दल, मी नोंदवलेल्या तक्रारीसाठी इंजिनिअर आमच्या कारखान्यात आला तो १४ जूनला. मधल्या तेवीस दिवसांत विक्रेत्याच्या कार्यालयाकडून मला जे ऐकावे लागले, ते अजूनही मनातून जात नाही. अन्नप्रक्रियेच्या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्या एखाद्याला तरी असे दिवस काढावे लागू नयेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

चिपळूणजवळ खेर्डीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना आहे. तेथे उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्या तयार करून त्या गोठवल्या जातात आणि त्यांतील बराच माल अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी न्यू जर्सीच्या एका आयातदाराकडे जातो. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. समुद्रमार्गे माल पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागतो आणि पुढे वितरणालाही वेळ द्यावा लागतो, त्यामुळे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कंटेनर निघणे आवश्यक होते. त्या वर्षापासून आयातदाराने अट घातली होती की प्रत्येक पाकीट मेटल डिटेक्टरमधून गेलेले असावे आणि त्या यंत्राने लोखंडाचा १.५, पितळेचा २ आणि स्टेनलेस स्टीलचा २.५ मिलिमीटर व्यासाचा गोळा ओळखावा. ही अट मला जाचक वाटली नाही. आदल्या वर्षी तांदळाच्या पिठाच्या चाळणीची एक तार तुटल्याचे आमच्या एका मावशींच्या वेळीच लक्षात आले होते, आणि त्या दिवशीचे सगळे पीठ आम्ही बाजूला काढले होते. ती तार एखाद्या मुलाच्या तोंडात गेली असती तर, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नव्हता.

यंत्र निवडताना पहिल्यांदा लक्षात आले की या क्षेत्रातील स्पर्धा मोठी आहे. मेटलर-टोलेडोचे सेफलाइन आणि लोमा ही इंग्लंडमध्ये रुजलेली नावे, कॅनडाची फोर्ट्रेस, इटलीची सेइया, जर्मनीची सेसोटेक, जपानची अनरित्सू, आणि त्यांच्या जोडीला पुणे-मुंबई परिसरातील देशी उत्पादक. सहा ठिकाणांहून कोटेशन मागवली, तेव्हा सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त यंत्रांच्या किमतीत जवळजवळ अडीच पटींचा फरक निघाला. प्रत्येकाचा प्रतिनिधी मात्र एकाच गोष्टीवर बोलत होता, ती म्हणजे मिलिमीटरचा आकडा, म्हणजेच यंत्र ओळखू शकेल अशा सर्वांत लहान गोळ्याचा व्यास. एक लोखंडाचा १.२ सांगे, दुसरा १ सांगे, तिसरा ओळखायला अधिक अवघड अशा स्टेनलेस स्टीलचा १.५ सांगून आधीचे दोघे मागे पडल्याचे पटवून देई. कोणी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी (यंत्रातील चुंबकीय क्षेत्राच्या कंपनसंख्या) वापरणारे यंत्र म्हणून जास्त पैसे मागत होता, तर कोणी एकच फ्रिक्वेन्सी पण मालानुसार बदलता येणारी, म्हणून तेवढेच मागत होता.

हा आकडा कसा मोजला जातो, हे मी त्यांच्यापैकी एकालाही विचारले नाही. माझी सर्वांत मोठी चूक ती हीच.

या यंत्राच्या चौकटीत, म्हणजे ज्या बोगद्यातून बेल्ट जातो त्याच्याभोवती, तारेची तीन वेटोळी असतात. मधले वेटोळे उच्च फ्रिक्वेन्सीचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर असलेली दोन वेटोळी ते ग्रहण करतात. ही दोन वेटोळी एकमेकांविरुद्ध जोडलेली असल्याने बोगद्यात काही नसताना त्यांचा हिशेब शून्य येतो. धातूचा कण आत आला की तो तोल ढळतो आणि यंत्राला इशारा मिळतो. अडचण अशी की तोल फक्त धातूमुळेच ढळत नाही. पाणी आणि मीठ असलेल्या पदार्थातूनही वीज वाहते, आणि तो पदार्थसुद्धा इशारा देतो. त्याला प्रॉडक्ट इफेक्ट म्हणतात. कोरड्या काजूला किंवा पोह्यांना हा त्रास जवळजवळ नसतो, ओल्या आणि खारट मालाला पुष्कळ असतो. मला मिळालेले आकडे रिकाम्या बोगद्याचे होते. माझे मोदक त्यातून जाऊ लागल्यावर ते आकडे तसेच राहणार नव्हते, आणि ही गोष्ट सहांपैकी एकाही कोटेशनमध्ये लिहिलेली नव्हती.

ऑर्डर, आगाऊ रक्कम आणि वाहतूक हे सारे सुरळीत झाले आणि मेच्या मध्याला यंत्र आले. २० मे रोजी विक्रेत्याचा इंजिनिअर बसवणीसाठी आला. त्याने शीतगृहातून दहा पाकिटे मागवली, ती पाच-सहा वेळा बेल्टवरून सोडून यंत्राला मालाची ओळख करून दिली, टेस्ट पीस, म्हणजे ठरावीक व्यासाच्या धातूच्या गोळ्यांचे चाचणी-नमुने, चालवून दाखवले, आणि लोखंड, पितळ, स्टेनलेस स्टील हे तीनही गोळे यंत्राने अचूक बाहेर ढकलले. मला अतिशय आनंद झाला. इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही दुसऱ्या दिवशी, संपूर्ण पाळी चालवून झाल्यावर करते, असे मी सांगितले. ती सही मी त्या दिवशी केली नाही, हे माझ्या हातून झालेले सर्वांत शहाणपणाचे काम. आपणही करू नका. शेवटची दहा टक्के रक्कम याच सहीशी बांधलेली असते, आणि एकदा सही झाली की पुढचे दूरध्वनी उचलले जाण्याची घाई कोणालाच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्राने सकाळपासून चांगली पाकिटे बाहेर टाकायला सुरुवात केली. काही वेळ एकही नाही, मग सलग आठ-दहा. दुपारपर्यंत रिजेक्टच्या पेटीत चाळीस पाकिटे जमली. आम्ही ती सगळी उघडली. पॅकिंगच्या टेबलावर बसून, ज्या बायकांनी त्या मोदकांच्या कळ्या पाडल्या होत्या त्यांनीच ते एकेक करून फोडले, सारण बोटांनी चाचपले, पिठावरून लोहचुंबक फिरवला. धातूचा कणही सापडला नाही. चारशे मोदक त्या दिवशी वाया गेले.

२२ मे रोजी तक्रार नोंदवली. उत्तर आले की सेन्सिटिव्हिटी कमी करा. दूरध्वनीवर सांगितल्याप्रमाणे कमी केली तेव्हा पाकिटे निमूटपणे जाऊ लागली, पण २.५ चा स्टेनलेस स्टीलचा गोळाही त्यांच्यासोबत निमूटपणे गेला. ३ चा गेला, ३.५ चाही गेला. चारचा तेवढा अडला. मी म्हणाले की हे मला मान्य नाही. पलीकडून उत्तर आले, "मॅडम, तुमचं प्रॉडक्टच वेगळं आहे. आमच्या यंत्रात दोष नाही." पुढच्या तेवीस दिवसांत हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडांतून सात वेळा ऐकले. इंजिनिअर गुजरातमध्ये आहे, इंजिनिअर रजेवर आहे, तुमची तक्रार वरच्या विभागाकडे गेली आहे, वरच्या विभागाने ती परत पाठवली आहे, रिपोर्टवर सही नसल्याने यंत्र अजून वॉरंटीत धरलेले नाही. शेवटच्या कारणाने मला खरोखर संताप आला, कारण यंत्र चालत नाही म्हणून सही नाही आणि सही नाही म्हणून यंत्र दुरुस्त होणार नाही, अशी ती कोंडी होती. मी रोज सकाळी अकरा वाजता दूरध्वनी केला आणि संध्याकाळी त्या संभाषणाचा सारांश ईमेलने पाठवला. बोललेले लेखी असावे, हा नियम मला माझ्या सासऱ्यांनी घालून दिला होता आणि तोच शेवटी उपयोगी पडला.

या काळात कारखाना बंद ठेवणे शक्य नव्हते. माल तयार करून तो बिनतपासणीचा म्हणून शीतगृहात वेगळा ठेवत होतो, आणि प्रत्येक पेटी पुन्हा एकदा यंत्रातून काढावी लागणार हे ठाऊक असल्याने जागेची अडचण रोज वाढत होती.

खरे कारण सापडले ते आमच्याच माणसांना. पॅकिंगवरच्या एक ज्येष्ठ मावशी एके दिवशी म्हणाल्या, "ताई, हे यंत्र चहानंतरच जास्त ओरडतं." मी एक वही यंत्राशेजारी टांगली आणि प्रत्येक रिजेक्टची वेळ त्यात लिहायला सांगितले. चार दिवसांच्या नोंदी पाहिल्यावर शंका उरली नाही. साडेदहाच्या आणि साडेतीनच्या चहानंतरची वीस मिनिटे, आणि जेवणानंतरचा अर्धा तास, एवढ्यात दिवसभरातील बहुतेक रिजेक्ट होत होते. सुट्टीत बेल्ट थांबतो आणि भरलेली पाकिटे क्रेटमध्ये यंत्रापुढे उभी राहतात. मे-जूनमधील कोकणची दमट हवा कितीही थंड केलेल्या खोलीत शिरतेच, आणि पाकिटातील मोदक बाहेरच्या बाजूने सुटू लागतात, म्हणजे त्यांतील बर्फ वितळू लागतो.

गोठलेल्या पदार्थातील पाण्याचा बर्फ झालेला असतो आणि मिठाचे कण त्यात मोकळे फिरू शकत नाहीत, त्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि यंत्राला तो माल जवळजवळ दिसतच नाही. तोच पदार्थ थोडा सुटला की पृष्ठभागावर खारट पाणी तयार होते आणि यंत्रासाठी तो अगदी निराळा पदार्थ बनतो. इंजिनिअरने यंत्राला जी ओळख करून दिली होती ती उणे अठरा अंशांतून थेट आणलेल्या पाकिटांची होती. आमची खरी पाकिटे तशी नसतात. दोष ना यंत्रात होता ना माझ्या मोदकांत. दोष होता त्या दहा पाकिटांच्या चाचणीत, आणि एका पाळीचे काम उभे राहून पाहिले असते तर तो पहिल्याच दिवशी कळला असता.

वहीतील नोंदींची छायाचित्रे मी कंपनीच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्याला पाठवली आणि १४ जूनला दुसरा इंजिनिअर आला. हा माणूस जाणता होता, आणि त्याने माझे म्हणणे मध्येच न तोडता ऐकून घेतले. त्याने गोठलेली आणि दहा मिनिटे बाहेर ठेवलेली अशी दोन्ही प्रकारची पाकिटे यंत्राला ओळखायला लावली, फ्रिक्वेन्सी बदलली, आणि आम्हाला सुट्टीपूर्वी यंत्रापुढचा बेल्ट पूर्ण रिकामा करण्याची शिस्त लावून दिली. तरीही अधूनमधून एखादे पाकीट विनाकारण बाहेर पडत होते. माझे धाकटे दीर विजेचे काम पाहतात. त्यांच्या लक्षात आले की कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी हे घडते. बेल्टच्या कठड्याचा एक बोल्ट सैल होता, कॉम्प्रेसरच्या कंपनाने तेथील धातूचा सांधा जुळत-तुटत होता आणि त्या सांध्यातून क्षणभर पूर्ण होणाऱ्या विजेच्या मार्गाचा इशारा यंत्र धातू म्हणून वाचत होते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी याच तत्त्वाच्या उपकरणाने शोधून पाहिली होती, आणि पलंगातील पोलादी स्प्रिंगांनी त्या शोधात गोंधळ केल्याचे सांगतात. यंत्राच्या जवळपासचा धातू आधी पाहावा, हे तेव्हापासूनचे जुने दुखणे आहे. कठडा वेल्डिंग करून घेतला आणि विनाकारण होणारे रिजेक्ट थांबले.

कोटेशन मागवताना आपल्या मालाची पाकिटे पाठवा, आणि ती कारखान्यात ज्या अवस्थेत यंत्रापुढे येतात त्याच अवस्थेत तपासली जातील अशी अट घाला. पर्चेस ऑर्डरमध्ये आकडा लिहिताना "मालासह, प्रत्यक्ष वेगाने, बोगद्याच्या मध्यभागी" हे शब्द असू द्या, कारण यंत्राची क्षमता मध्यभागी सर्वांत कमी असते आणि विक्रेत्याचा टेस्ट पीस पुष्कळदा कडेने जातो. बोगदा पाकिटाच्या मानाने फार मोठा घेऊ नका. पुढे मोठे पाकीट काढू, या विचाराने मी घेणार होते. परंतु बोगदा जितका मोठा तितकी नजर कमी, हे दुसऱ्या एका उत्पादकाच्या प्रतिनिधीने, ऑर्डर मिळणार नाही हे ठाऊक असतानाही, मला प्रामाणिकपणे सांगितले होते. चकचकीत ॲल्युमिनियमचा थर असलेली पाकिटे वापरत असाल तर ती बाब आरंभीच सांगा. टेस्ट पीससोबत त्यांचे प्रमाणपत्र मागून घ्या. आमचे आले नव्हते, आणि ऑडिटरने सर्वांत आधी तेच मागितले.

आणखी एक गोष्ट, जी एकाही प्रतिनिधीने आपणहून काढली नाही. चाचणी गोळ्यांची होते, पण चाळणीची तार गोळा नसते. स्टेनलेस स्टीलची बारीक तार बेल्टच्या दिशेला समांतर गेली, तर २.५ चा गोळा पकडणारे यंत्रही तिला सोडून देऊ शकते. म्हणून आमच्याकडे प्रत्येक पाळीच्या आधी आणि नंतर चाळण उजेडात धरून पाहिली जाते आणि पाहणारी बाई सही करते. यंत्र आले म्हणून हे काम मी बंद केलेले नाही. टेस्ट पीसही दर तासाला चालवले जातात आणि एखादा गोळा निसटला तर मागील चांगल्या चाचणीपासूनचा सर्व माल अडवून पुन्हा तपासला जातो.

शीतगृहात साठलेला सगळा माल आम्ही दोन पाळ्या लावून पुन्हा यंत्रातून काढला. कंटेनर ११ जुलैला निघाला. इन्स्टॉलेशन रिपोर्टवर मी सही केली ती १५ जूनला, छापील आकड्यांवर रेघ मारून आणि त्यांच्या जागी "सुटलेल्या मालासह स्टेनलेस स्टील २.५" असे हाताने लिहून. त्या ओळीखाली इंजिनिअरचीही सही आहे, आणि उरलेली दहा टक्के रक्कम मी त्याच दिवशी पाठवली.