तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःची चित्रं फाडायला हात कसा धजतो?

क्लासला मुलांना सोडायला येणाऱ्या आयांची नजर कोपऱ्यातल्या गोणीवर जाते. तीत माझीच फाडलेली चित्रं असतात. मग ठरलेला प्रश्न येतो, "बाई, हात कसा धजतो हो?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून ली क्रॅस्नरबद्दल सांगते.

न्यूयॉर्कची ही बाई अमूर्त अभिव्यक्तिवादी, म्हणजे ओळखीचे आकार न काढता रंग-रेषांतूनच भावना मांडणाऱ्या चित्रकारांच्या पहिल्या फळीतली. पण ओळख काय, तर नामवंत चित्रकार जॅक्सन पोलॉकची बायको. लाँग आयलंडच्या घरामागचं कोठार पोलॉकला, भुईवर कॅनव्हास अंथरून रंग सांडायला. हिच्या वाट्याला वरच्या मजल्यावरची झोपायची खोली. १९५१ मध्ये बेटी पार्सन्सच्या गॅलरीत तिचं एकल प्रदर्शन लागलं. एकही चित्र विकलं गेलं नाही.

पुढे एकदा तिने खोलीच्या भिंती काळ्या-पांढऱ्या रेखाटनांनी वरपासून खालपर्यंत भरल्या. एक दिवस आत आली आणि सगळंच नकोसं झालं. ओरबाडून, फाडून जमिनीवर टाकलं नि निघून गेली. इथवर कुणीही करेल. काही आठवड्यांनी परत दार उघडलं, तर तो कचराच तिच्या नजरेत भरला. तुकडे उचलून चिकटवायला लागली. कशावर? १९५१ च्या त्याच न विकलेल्या कॅनव्हासांवर. पोलॉकने टाकून दिलेल्या रेखाटनांचे तुकडेही त्यात गेले. १९५५ मध्ये ही कोलाज, म्हणजे तुकडे चिकटवून केलेली चित्रं, स्टेबल गॅलरीत लागली.

फाटलेल्या कागदाची कड कधी नीट बघितलीत? पांढरी, लव फुटल्यासारखी. ब्रशने ती रेघ येत नाही. मला फाडतानाचा आवाजही आवडतो, पण ते असो.

१९५६ मध्ये पोलॉक मोटार अपघातात गेला. नंतर कोठार तिने घेतलं. झोप लागत नसे, म्हणून रात्री रंगवायची. आणि दिव्याच्या उजेडात रंगाचा भरवसा वाटेना, म्हणून काही वर्षं तपकिरी नि पांढराच वापरला.

सत्तरीला टेकली तेव्हा विद्यार्थीदशेतली कोळशाची रेखाटनं हाती लागली. ती मात्र फाडली नाहीत. कात्रीने धारदार कापून त्यांची मोठी कोलाज केली. चाळीसेक वर्षांपूर्वीचा स्वतःचाच हात समोर होता, पण या खेपेला राग नव्हता.

माझ्या गोणीत असलं काही नाही. अर्धीअधिक रद्दीतच जाईल. फक्त टाकायच्या आधी महिनाभर तशीच ठेवते.