आमची वाटचाल : दुधाच्या पिशवीपासून

१९९९ साली भोसरीत पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि जुनं ग्राइंडर बसवलं. पहिला माल दुधाच्या रिकाम्या पिशव्या. धुवायच्या, वाळवायच्या, वितळवून प्लास्टिकचा दाणा पाडायचा आणि पाइपवाल्यांना विकायचा.

मला तेव्हा सगळं प्लास्टिक सारखंच दिसे. शिकवलं ते माल आणणाऱ्या बायकांनी. तुकडा पाण्यात टाकायचा. तरंगला तर पॉलिथिन (पिशव्यांचं) नाहीतर पीपी (बाटल्यांच्या झाकणांचं), बुडाला तर पेट (पाण्याच्या बाटल्यांचं) किंवा पीव्हीसी (पाइपांचं). एक मावशी तर नुसती पिशवी चुरगळायच्या. कुरकुरली की एचएम, म्हणजे कडक पॉलिथिन; मऊ लागली की एलडी, म्हणजे मऊ पॉलिथिन. त्यांचं न ऐकता मी एकदा माल घाईनं यंत्रात सोडला. आत पीव्हीसी होतं. अख्खा घाणा करपला, धुरानं डोळे दिवसभर चुरचुरत होते. तेव्हापासून निवडणीवर शेवटचा शब्द मावशींचा.

या बायका उकिरड्यात वाकून माल वेचायच्या. १९९३ साली पुण्यात त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि सुका कचरा घरांच्या दारातूनच वेगळा मिळू लागला. आमच्याकडे येणाऱ्या मालाला खरकटं कमी, म्हणून धुण्याचं पाणीही कमी.

२००५ च्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तुंबलेल्या गटारांतल्या पिशव्यांवर तेव्हा बोट गेलं, ते योग्यच होतं. पण आमचं कंबरडं मोडलं ते २०१४-१५ मध्ये. कच्चं तेल उतरलं, त्यापासून बनणारा नवा दाणा स्वस्त झाला आणि आमच्या गोण्या पडून राहिल्या. आम्ही भंगाराचा दर उतरवला, म्हणजे तोटा शेवटी वेचणाऱ्या बाईच्या हातावर गेला. ही गोष्ट मला अजून सलते.

२०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. जाड दुधाच्या पिशव्या परत घेण्याच्या अटीवर वगळल्या होत्या, त्यामुळे आम्ही तगलो.

शाम्पूच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं मात्र कुणी उचलत नसे. वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले, ते आमच्या यंत्रात सुटत नाहीत, म्हणून त्यांना भाव नाही. आता आम्ही तीही वजन करून घेतो, मावशींना वेचणावळ देतो आणि गोण्या सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवतो. गाडीभाडं आमच्या खिशातून जातं. खरं तर ते भाडं पाकिटं बनवणाऱ्यांनी द्यायला हवं.