त्या व्हिडिओतला हात माझा आहे

गोलूने नवा व्हिडिओ टाकला तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तसं पाहिलं तर त्यात वाईट काहीच नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकाही सांगून गेल्या, तुया भाऊ किती मनापासून बोलला वो. बोलला मनापासूनच. त्याचा आवाज खोटा कधी होतो ते मला तो शाळेत होता तेव्हापासून कळतं, आणि या वेळी तो खोटा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं असेल.

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या बर्फात उभा राहून तो म्हणाला, सगळं पाहून झालं मित्रांनो, खरं सुख आपल्या गावातच आहे, ज्यांना तिथं राहायला मिळालं ते नशीबवान. दाढीवर बर्फाचे कण होते, नाक लाल झालेलं. मग लगेच आपलं वावर आलं. पांढरी फुटलेली पऱ्हाटी, मागून बासरी, आणि एक हात बोंडातून कापूस ओढून ओटीत टाकतो आहे.

तो हात माझा आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या वेचणीला माझ्या पोरीने, स्नेहलने, मोबाईलवर घेतलं होतं आणि मामाला पाठवलं होतं. तिने बांधाकडची बरी बाजू धरून घेतलं. पलीकडच्या तासांत अतिवृष्टीने बोंडं काळी पडली होती, ती त्यात नाहीत. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडेची कातडी सोलली जाते, तेही इतक्या दुरून दिसत नाही. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. पाहणाऱ्याला तो हात खरंच सुखी वाटेल असाच आहे.

त्याच रात्री जेवताना आत्याबाई, माझ्या सासूबाई, स्नेहलला म्हणाल्या, "पाह्य वो, तुया मामाच सांगून राह्यला, सुख गावातच हाये. मंग तू कायले जाते तिकडं?" स्नेहलचे बाबा काही बोलले नाहीत, पण मान हलली. स्नेहलने भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. गेलं वर्षभर ती जर्मनीला शिकायला जायचं बोलत होती, मोबाईलवर त्यांची भाषा शिकत होती, चुलीपुढे बसून आकडे म्हणत होती. त्या रात्रीपासून ते बंद आहे. मला सलतं आहे ते हेच. गोलूने आपल्या मनातली एक हुरहूर बोलून दाखवली आणि माझ्या घरात तिची कडी झाली, पोरीच्या दाराला बाहेरून लावलेली.

त्याने असं म्हणायला नको होतं, असं मी सारखी मनात म्हणते. मग वाटतं, का नको? त्याला आठवण येते तर त्याने बोलू नये का? आणि परत तोच हात डोळ्यांपुढे येतो.

2019 साली तो गेला तेव्हा गावात काय मान होता कॅनडाचा! रस्त्यालगतचं दोन एकर गेलं त्यात. त्याबद्दल आता नको. पहिल्या दोन-तीन वर्षांचे व्हिडिओ आठवतात. नायगारा, टिम हॉर्टन्सची कॉफी, मोठाली दुकानं, डिशवॉशर. तो ज्या बेसमेंटमध्ये पाच पोरांबरोबर राहत होता ती कधी दिसली नाही. गोदामातली रात्रपाळीही नाही. तेव्हा इथल्या बायका जेवणाच्या सुट्टीत वावरात धुऱ्यावर बसून डब्याला मोबाईल टेकवून पाहायच्या आणि म्हणायच्या, पोरानं नशीब काढलं. त्या वेळी आम्हा मागे राहिलेल्यांची कीव केली जायची. लग्नात भेटलेले नातेवाईक मला म्हणायचे, तू कशी राहते बाई त्या खेड्यात.

आता वारं पार फिरलं. गोलू एकटाच नाही. मी लंडनच्या एका बाईला पाहते, अमेरिकेतल्या एका जोडप्याला पाहते. आधी घर दाखवायचे, आता हिशोब दाखवतात. भाडं किती, पाळणाघराचे किती, दवाखान्याची वेळ कधी मिळाली, नोकरी गेली तर व्हिसाचं काय. इंग्लंडने 2024 च्या जानेवारीपासून बहुतेक शिकायला येणाऱ्यांना बायकापोरं आणायची बंद केली. कॅनडाने त्याच महिन्यात विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. अमेरिकेने सप्टेंबर 2025 मध्ये नोकरीच्या व्हिसाच्या, म्हणजे एच-1बीच्या, नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. आणि त्याआधी 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला अमेरिकेचं ते लष्करी विमान उतरलं, तिथून परत धाडलेल्या 104 जणांना घेऊन, बेड्या घालून आणलेले. तिघं आपल्या महाराष्ट्रातले. त्यानंतर आठवडाभर बसस्टँडवर दुसरा विषय नव्हता. आधी ज्यांना विदेशाचं अप्रूप होतं तेच म्हणू लागले, आपलं वावर बरं.

हे सगळं खरं आहे. बेसमेंट दाखवायला लागली हे तर फारच चांगलं झालं. आधीच दाखवली असती तर कितीतरी घरांची वावरं वाचली असती. पण खरं सांगता सांगता ही माणसं एकदम आमच्याकडे वळतात आणि आम्हाला सुखी करून टाकतात, तिथं माझा जीव अडतो. मला कोणी विचारलं? बारावीचा निकाल लागला आणि त्याच उन्हाळ्यात मी या घरात आले. राहायचं की जायचं हा प्रश्न माझ्यापुढे कधी कोणी ठेवलाच नाही, मग राहायला मिळालं असं कसं म्हणायचं? आधी कीव, आता हेवा. दोन्ही वेळा मी इथंच होते, याच चुलीपुढे, आणि दोन्ही वेळा माझ्याबद्दल दुसऱ्यांनीच ठरवलं.

त्याला गावातली शांतता आठवते. या हिवाळ्यात थ्री फेज लाईन रात्रीची आहे. हरभऱ्याच्या ओलितासाठी स्नेहलचे बाबा दीड वाजता बॅटरी घेऊन निघतात आणि ते परत येईपर्यंत माझा डोळा लागत नाही. साप आहे, रानडुक्कर आहे, आणि आपल्या तालुक्यात वाघाचं नाव कोणी गमतीने घेत नाही. माणसं मारणाऱ्या अवनी वाघिणीच्या वेळी गोलू इथंच होता. 2 नोव्हेंबर 2018 ला तिला मारलं, त्याआधीची दोन वर्षं त्याला आठवत नसतील असं होणार नाही. बायका घोळक्यानेच वावरात जायच्या, ऊन उतरायच्या आत परतायच्या, बोंडं फुटून लोंबत राहायची. त्याला मायने संध्याकाळी बाहेर पडू दिलं नाही म्हणून किती भांडला होता तो.

कापसाचं काय झालं तेही त्याला मी फोनवर सांगितलंच होतं. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 होता, पण खरेदी केंद्रावर आधी ॲपवर नोंदणी, मग नंबर, मग ओलावा मोजणार, 12 टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. भाड्याची गाडी परत आणायची म्हणजे काय ते ज्याची असते त्यालाच कळतं. शेवटी व्यापाऱ्याला दिला. त्याच काळात विदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलेलं होतं, ऑगस्ट 2025 पासून थेट डिसेंबर संपेपर्यंत. व्हिडिओत हे यावं असं मी म्हणत नाही. पण सुख म्हणताना हे त्याच्या मनात तरी असावं.

काल न राहवून मी त्याला फोन केला. तिकडे सकाळ होती, तो कामावर निघाला होता. सगळं सांगितलं, आत्याबाईंचं, स्नेहलचं. तो आधी चिडला. "ताई, मी स्नेहलले कुठी म्हटलं? मी माह्यापुरतं बोललो." मी म्हटलं, तुझ्यापुरतं बोलतोस तर माझा हात कशाला लावलास त्यात? मग कितीतरी वेळ तो बोललाच नाही. गाडीचा आवाज येत होता. मग म्हणाला, "तो हात पाहिला का मले माय आठवते. तिचाबी असाच होता. मायच्या वेळी मी फोनवरूनच..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. ते आमच्यात कधी पुरं बोललं गेलेलं नाही.

फोन ठेवल्यावर मी पुष्कळ रडले, स्वतःसाठी आणि त्याच्यासाठीही. त्याच्याकडे पीआर आहे, म्हणजे तिथं कायमचं राहायचा परवाना. तो येऊ शकतो, परत जाऊ शकतो. आणि तरी हरभऱ्याची भाजी खुडताना कोणाशी बोलावं असं माणूस त्याला तिथं नाही. गेल्या वर्षी स्नेहलचे बाबा दवाखान्यात होते तेव्हा आख्खी गल्ली न बोलावता वेचणीला आली होती, आणि मजुरी घेतली नाही. हे मी त्याला तेव्हा सांगितलं तर तो गप्प झाला होता. तिथं दार वाजवायलाही आधी मेसेज करावा लागतो म्हणे. तेव्हा तो जे म्हणतो त्यातलं काही खरंच आहे, आणि मलाही ते कबूल करायला हरकत नाही. रात्री शेकोटीपाशी तुरीच्या शेंगा उकडून खाताना मलाही दुसरीकडे कुठं जावंसं वाटत नाही. माझं हे असं, त्याचं ते तसं. स्नेहलचं मात्र तिने पाहावं. तिला नको असलं तर तिने जाऊन, नाहीतर सगळं समजून घेऊन नको म्हणावं. मामाच्या एका वाक्यावर नव्हे.

आज सकाळी गोलूने आपणहून स्नेहलला फोन लावला. व्हिडिओत बोलतो तसं नाही, हिशोबाचं बोलला. तो गेला तेव्हा खात्यात 10000 डॉलर दाखवावे लागत, 1 सप्टेंबर 2025 पासून 22895 दाखवावे लागतात, आणि शिकताना आठवड्याला 24 तासांच्या वर काम करता येत नाही, तेव्हा कर्ज काढून इकडे येऊ नको म्हणाला. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही, पण वर्षाचे 11904 युरो आधी बंद खात्यात, ज्यातून महिन्याला ठराविकच काढता येतात त्यात, ठेवावे लागतात, म्हणजे आपले बारा लाखांच्या आसपास. शिष्यवृत्तीशिवाय विचारच करू नको, आणि शिष्यवृत्तीसाठी आत्तापासून लाग. स्नेहलने वहीत सगळं लिहून घेतलं. यवतमाळला एकलव्य फाऊंडेशनची पोरं खेड्यातल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या पोरांना अर्ज कसे भरायचे ते शिकवतात, तिच्या मैत्रिणीने तिला तिथलं सांगितलं होतं. ते सुरू करणारे राजू केंद्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातले, इंग्लंडच्या सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज पुन्हा आधीसारखा होता.

आत्याबाईंना मी एवढंच म्हटलं, गोलू स्वतः सांगून राह्यला तिले, नीट विचार कर म्हणून. त्यांनी ऐकलं, काही बोलल्या नाहीत. त्यांचंही चुकतं असं मला वाटत नाही. एक नातू पुण्यात गेला तो दिवाळीलाच दिसतो, ही एकच तर घरात आहे.

स्नेहलच्या बाबांशी अजून बोलायचं आहे. आज रात्री पुन्हा ओलिताची पाळी आहे, उद्या झोप झाल्यावर काढीन विषय. जर्मनीचं नाव नाही घेणार आधी. आधी पासपोर्ट. त्याला 1500 रुपये फी आहे, तुरीचे चुकारे आले की त्यातले आधी बाजूला ठेवणार, बियाण्याच्याही आधी.